आधीच उबवलेली अंडी

अम्बरीनने अंड्याला कात्रीने खिडकी पाडली, आत पाहिलं आणि कात्री खाली ठेवली. मी दिवा धरून उभी होते. तिने दुसरं अंडं घेतलं. मग तिसरं. मग म्हणाली, "दिवा बंद कर."

आत काळा डोळा दिसत होता. इवलं हृदय उडत होतं. मला ते सुंदर वाटलं, तसं मी म्हणालेही.

"सुंदरच आहे," ती म्हणाली. "पण तीनेक दिवसांनी मोठं आहे. नसा कधीच निघून गेल्यात."

अम्बरीन माझी शाळेपासूनची मैत्रीण. महाडच्या कॉलेजात तासिका तत्त्वावर प्राणिशास्त्र शिकवते आणि उरलेल्या वेळात कित्येक वर्षं पीएच.डी. करते. तिचे वडील, रऊफचाचा, ट्रक चालवतात. ते म्हणतात, "आमच्या घरात डॉक्टर होणार, पण कोंबड्यांची. त्याही जन्मायच्या आधीच्या."

तिचं काम तिने मला नाते गावाला जाताना एसटीत समजावलं होतं. अंड्यात पिल्लू घडताना कण्याच्या दोन्ही बाजूंना ठोकळ्यांची रांग तयार होते. कण्यातून निघणारे नसांचे धागे प्रत्येक ठोकळ्याच्या पुढच्या अर्ध्या भागातूनच जातात. मागचा अर्धा भाग त्यांना येऊ देत नाही. धाग्याचं टोक तिथे टेकतं, आक्रसतं आणि दुसरीकडे वळतं. म्हणून पाठीच्या नसा अंतर राखून निघतात. ठोकळे पडायच्या आधीची पट्टी उलटी बसवली, तर धागेही उलट्या बाजूने जातात. हे जुनंच ज्ञान. अम्बरीनला शोधायचं होतं ते वेगळं. मागच्या भागाचा हा नकार नेमका केव्हा ठरतो?

"याची कविता करू नकोस हं," ती तेव्हा म्हणाली होती. मी करणारच होते.

त्यामुळे अंड्याचं वय हेच सगळं. दुकानातली अंडी कोंबड्याशिवायची, ती चालत नाहीत. गावठी अंडी पोलादपूरच्या वरच्या वाडीतून, चंद्रभागामावशींकडून यायची. घातल्या घातल्या उचललेली. उबवणीच्या यंत्रात ठेवली की तिथून वय मोजायचं. ही शेवटची खेप होती. विद्यापीठाने प्रबंधाला दिलेली मुदत महिनाअखेर संपत होती.

दुसऱ्या दिवशी आम्ही वाडीवर गेलो.

"कशी निघाली गो अंडी?" मावशींनी विचारलं.

"भरलेली होती, मावशी. सगळी."

"असणारच. मागल्या खेपेला तू बोललीस, निम्मी रिकामी निघाली. मला कसंसंच झालं. पोरगी महाडावरनं येते नि आपण रिकामी अंडी देतो. मग खुडूक कोंबडीखाली उबवाय ठेवली. बॅटरी लावून बघितली. आत लाल दोरा दिसला तीच तुला दिली. बाकीची ह्यांना घातली."

ओटीवरून मावशींचे यजमान रावजीकाका म्हणाले, "रोज अंडी. आता मीच खुडूक बसतो."

अम्बरीन हसली. खरोखर हसली. मग म्हणाली, "मावशी, आता कोंबडीखाली नका ठेवू. घातलं की उचला."

"का गो? मेली काय पिल्लं?"

"नाही. मोठी झाली होती. माझं काम अगदी सुरुवातीचं असतं."

मावशी म्हणाल्या, "म्हंजे मी घोळ केला."

"तुम्हाला मी नीट सांगायला हवं होतं. आज ताजी आहेत का?"

"खुडूक झालेली कुठली अंडी घालते?" मावशी उठल्या, टोपली घेतली आणि घराघरांतून फिरल्या. पलीकडून कुणीतरी ओरडलं, "काय गो चंद्रभागे, तुझ्या सुनीलचं लगीन ठरलं काय? अंडी गोळा करतेस ती?" मावशी पुढच्या दारात गेल्या. सात अंडी घेऊन आल्या.

त्यातली दोन रिकामी निघाली. एक अंडं पट्टी उलटी बसवताना गेलं. उरलेल्या चारांना पुढे रंग देऊन तिने मला भिंगाखाली दाखवलं. तीन अंड्यांमध्ये नसांच्या काळ्या रेघा उलट्या बाजूने निघाल्या होत्या. मध्ये मोकळ्या जागा.

"तिथून जातच नाहीत?" मी विचारलं.

"जायला बघतात. टेकतात आणि मागे येतात."

तिने मार्गदर्शक सरांना फोन लावला. फोन स्पीकरवर होता.

"चार अंड्यांवर कुणी सही करणार नाही, अम्बरीन," ते थकल्या आवाजात म्हणाले.

"माहीत आहे, सर."

"मुदत पुन्हा मागितली मी. नाही म्हणाले."

"बरं, सर."

तिने भिंगाखालची काच काढून धुतली. इतकी वर्षं, आणि ती काच धूत होती. कवितेच्या ओळी पाठ असलेली माणसं अशा वेळी काही कामाची नसतात.

पुढच्या महिन्यात ती उत्तरपत्रिका तपासत बसली होती, तेव्हा मावशींचा फोन आला. मला बाजूला बसून ऐकू येत होतं. "ताजी हायत गो. एकालापण कोंबडीचा वारा लागू दिला नाय. टोपलीखाली कोंडलीय तिला. रविवारी येतेस ना?"

"येते, मावशी."

तिने फोन ठेवला आणि पुढची उत्तरपत्रिका उघडली.

"त्यांना सांगितलं नाहीस?" मी म्हणाले.

"काय?"

"की आता लागत नाहीत."

तिने दोन उत्तरांवर खुणा केल्या. "वाडीभर फिरली असेल बाई," ती म्हणाली. "सकाळचीच गाडी धरू. तू पण चल, टोपली जड असते."