बाळाबाईंचं उभं भात

राधानगरीच्या वरच्या अंगाला आमचं गाव. इथं बाळाबाईंशी वाद घालायचा असेल तर आधी पोटभर जेवून जावं, कारण बाई थकत नाहीत. नवरा गेल्यावर दोन म्हशी आणि ओढ्याकाठचं भाताचं खाचर त्यांनी एकहाती सांभाळलं. खाचरात जुनं, छातीइतकं उंच वाढणारं भात. ठेंगणी जात घ्या, असं सगळं गाव सांगून दमलं. "ठेंगण्याचं पिंजर वैरणीला किती निघतंय? माझ्या म्हशी काय तुमच्या घरी जेवायला धाडू?" एवढंच त्या विचारायच्या.

दोष एकच, हे भात लोळायचं. सलग दोन वर्षं ऐन कापणीच्या तोंडावर आडवं झालं आणि चिखलात पडून लोंब्यांना कोंब फुटले. खालच्या खाचराचा मालक म्हणजे त्यांचा धाकटा दीर, केरबा. ताकाला जाऊन भांडं लपवणारा माणूस नव्हे तो. बांधावर चार माणसांदेखत म्हणाला, "वैनी, लोळणाऱ्या भातापायी रान का वाया घालवताय? माझ्याकडं द्या, ऊस लावतो."

"यंदा लोळलं तर खाचर तुमचं," बाळाबाई म्हणाल्या. "जावा, बेणं ठरवून ठेवा."

मी त्यांची शेजारीण, मला त्यांचा रागच आला. नवऱ्यामागं एवढंच रान उरलेलं, ते असं पैजेवर लावायचं? पण बाईंनी पडलेलं भात नुसतं रडत कापलं नव्हतं. भाताची ताटं मोडलीत का, ते बघितलं होतं. मोडली नव्हतीच. अख्खे चूड, रोपांचे झुबकेच्या झुबके, मुळासकट कलंडले होते. मुळं आखूड, वरच्या गाळातच पसरलेली. पाणी पायाशी, खत पायाशी, मग खाली जायची गरजच काय त्यांना?

म्हणून यंदा बाईंनी सगळं उलटं केलं. एका चुडात मूठभर रोपं खोचायच्या जागी दोन-तीन, तीही लांब लांब. युरिया निम्म्यावर आणला. नारळी पौर्णिमेनंतर उघडीप पडली, तसा बांध फोडून पाणी सोडून दिलं. जमिनीला बारीक भेगा पडल्या आणि गाव हसलं. केरबानं तर वरून आलेलं पाणी फुकटचं म्हणून आपल्या खाचरात अडवून ठेवलं. त्याचं भात काळंभोर, दाट. बाईंचं पिवळट, विरळ.

"वैनी, डॉक्टर बोलवू काय?" तो खालून ओरडायचा.

"तुमच्या भातालाच बोलवा, लई सुटलंय!" बाई वरून.

मला मात्र त्यांनी नीट सांगितलं. "पाणी शोधत मुळं खाली जाऊ देत की. लेकराला सारखं कडंवर घेतलं तर ते चालंल व्हय?"

दिवाळीच्या तोंडावर परतीचा पाऊस वाऱ्यासकट आला. सकाळी आम्ही सगळे बांधावर. केरबाचं भात चिखलात सपाट झालेलं. बाईंचं झुकलं होतं, कडेचे काही चूड पडलेही होते, पण बाकी सगळं उभं होतं. मला आनंदानं ओरडावंसं वाटलं, आणि मी ओरडले.

"वारं तुमच्या खाचराला चुकवून गेलं असंल," केरबा पुटपुटला.

"मग एक चूड उपटून दाखवा की!" बाई म्हणाल्या.

केरबानं दोन्ही हातांनी एक चूड धरून ओढला. ताटं हातात तुटून आली, मुळं जमिनीतच राहिली. त्याच्या पडलेल्या भातावर पाणी चढत होतं. लगेच कापलं नाही तर कोंब फुटणार, आणि गावात कापणीला माणूस मिळत नव्हता.

बाळाबाईंनी पदर खोचला, विळा घेतला आणि खालच्या खाचरात उतरल्या.

"वैनी, तुमचं कापायचं ऱ्हाईल की," केरबा म्हणाला.

"माझं उभं हाय, थांबंल. तुमचं थांबणार न्हाय." त्यांनी पहिली मूठ कापून बांधावर टाकली. "आणि भाऊजी, परत माझ्या रानात उसाचं नाव काढलंसा, तर विळा हातात हायच."