तेरा पावलांचा ठिपका

“न बघता लिव्हायचं न्हाई, ताई.” एवढं म्हणून आमच्या ऑफिसातले काका बांधाशी चपला काढून ठेवायचे आणि अनवाणी रानात शिरायचे. पीक उभं असलेल्या रानात पायताण घालून जायचं नाही, हा त्यांचा नियम. आमच्या कंपनीच्या कुठल्याच नियमांत तो नव्हता. पावसाळ्यात पायाला घोट्यापर्यंत चिखल, आणि तसेच ते ऑफिसात यायचे. फरशी पुसणाऱ्या मावशी त्यांच्यावर करवादायच्या. मीही दोनदा करवादले आहे, आणि आज त्याची लाज वाटते.

आमचं काम आधी सांगते, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. उपग्रह दर पाचव्या दिवशी सकाळी साडेदहा-अकराला आपल्या डोक्यावरून जातो आणि खालच्या रानांचे फोटो काढतो. त्यावरून कुठे सोयाबीन, कुठे कापूस, कुठलं पीक वाळलं हे ओळखून आम्ही नकाशे करतो. विमा कंपन्या, बँका, साखर कारखाने ते विकत घेतात. मी बीडच्या ऑफिसात पडद्यासमोर बसून ओळखायची, आणि मी ओळखलेलं खरं की खोटं हे काका जाग्यावर जाऊन बघायचे. ते नेकनूरकडच्या एका खेड्यातले. तरुणपणी त्यांनी सरकारी मोजणीत साखळी धरलेली, त्यामुळे अंदाजपंचे बोलणाऱ्या माणसाचा त्यांना मनापासून राग.

पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला आडवं घेतलं. उपग्रहाच्या फोटोत आम्ही हिरवं पीक लाल रंगात दाखवतो, या धंद्यात तशी पद्धतच आहे. काकांनी पडद्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.

“हिरवं रान तांबडं कावून दावता?”

मी तावातावाने दहा मिनिटं समजावलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. “बरं. पर शेतकऱ्याला दावू नका. धसका घेईल माणूस.”

फोटो जवळ ओढला की त्याचे चौकोनी ठिपके होतात. एक ठिपका म्हणजे जमिनीवर दहा मीटर लांब, दहा मीटर रुंद. हे सांगितलं त्या दिवशी काका टेप घेऊन बाहेर गेले, दहा मीटर आखून चालून आले आणि म्हणाले, “माझी तेरा पावलं.” तेव्हापासून सगळं जग ठिपक्यांत. आमचं ऑफिस अर्धा ठिपका. मांजरसुंब्याचा त्यांचा आवडता ढाबा दोन ठिपके, “त्यातला एक नुसता बाजांचा.” पुण्याहून आलेल्या आमच्या लठ्ठ साहेबांबद्दलही ते काहीतरी बोलले होते, ते मी इथे लिहीत नाही.

एकदा पाटोद्याकडचं एक शिवार पडद्यावर इतकं लालभडक दिसत होतं की मी “पीक उत्तम” लिहून मोकळी झाले. रस्ता खचलेला, एसटी बंद. मी म्हणाले, “काका, राहू द्या, नका जाऊ.” ते गेले. चार कोस चालत गेले. संध्याकाळी फोन आला, “ताई, हिरवं हाय, पर पीक न्हाई. कमरंएवढं गाजरगवत हाय नुसतं. सोयाबीन कवाच मेलं खाली.” तो कागद खोडून मी पुन्हा लिहिला. ते गेले नसते तर त्या गावाला विम्याचा एक पैसा मिळाला नसता, आणि ते माझ्या एका ओळीमुळे.

त्यानंतर महिनाभराने त्यांनी विचारलं, “ताई, एक झाड दिसतं का वो वरनं?”

“एवढंसं नाही दिसत काका. ठिपका भरला पाहिजे.”

त्यांनी पिशवी खाली ठेवली, खुर्ची ओढली. मग सांगितलं. त्यांची धाकटी लेक बारावीत असताना तापाने गेली. काकांनी तिची राख नदीत सोडली नाही. आपल्याच रानात खड्डा केला, त्यात ती टाकली आणि वर कडुलिंब लावला. “तिला लई हौस व्हती फोटोची. आमी कवा काढला न्हाई. हा उपग्रह तर फुकटात काढतुय, पाचव्या दिवशी. म्हणलं, हिचा बी निघंल.”

मी तेव्हा रडले नाही, बाथरूममध्ये जाऊन रडले.

त्या पावसाळ्यात काकांनी त्या लिंबाभोवती तेरा पावलं लांब, तेरा पावलं रुंद लिंबाची रोपं लावली. अगदी ठिपक्याच्या मापाची. उन्हाळाभर घागरीने पाणी घातलं. दोन वर्षं मी फोटो उघडून बघायची आणि नाही म्हणून सांगायची. मग एके दिवशी माझ्या डोक्यात प्रकाश पडला. ठिपक्यांच्या रेघा आभाळातून ठरलेल्या असतात, त्या कुणाच्या झाडांसाठी सरकत नाहीत. काकांची झाडं बरोबर चार ठिपक्यांच्या नाक्यावर आली होती. प्रत्येकात पाव पाव. मापाचा माणूस माझ्या अर्धवट सांगण्यावर विसंबला होता.

मी कबूल केलं. मला वाटलं, चिडतील. चिडायला हवं होतं त्यांनी. ते म्हणाले, “मग किती लागंल?”

“चारी बाजूंनी वाढवावं लागेल. सव्वीस पावलं.”

“बरं.” आणि त्यांनी सव्वीस पावलं केली. ज्वारीचं रान होतं ते. घरात काय बोलणी खाल्ली असतील ती त्यांनाच ठाऊक. ऑफिसात आले की दारातूनच विचारायचे, “दिसायलंय का?” मी फोटो उघडायची. “नाही काका.” “बरं. लहान हायत अजून.” अशी आणखी चार वर्षं गेली.

त्या वर्षांत आमचा धंदा असा फोफावला की विचारू नका. नवे उपग्रह आले, ड्रोन आले, परदेशातली गिऱ्हाईकं आली. बाजार कसा वाढतोय आणि अजून किती वाढणार याचे आलेख साहेब भिंतीवर दाखवायचे, रेघ नेहमी वर जाणारी. आणि मग मे महिन्यात साहेबांनी सांगितलं की आता मशीन स्वतःच पीक ओळखतं, रानात माणूस पाठवायची गरज नाही. मशीन कुणाकडून शिकलं? काकांनी अनवाणी हिंडून गोळा केलेल्या नोंदींवरून. हे साहेबांना मी म्हणायला हवं होतं. मी मान हलवली आणि वहीत टिपून घेतलं.

काकांना ते सांगायचं काम माझ्यावर आलं. त्यांनी ऐकलं, ओळखपत्र गळ्यातून काढून टेबलावर ठेवलं. “मग बघणारं कोण आता?” एवढंच विचारलं. साहेब पाठीमागे उभे होते, पाच मिनिटांत मीटिंग होती. काका दारापर्यंत गेले आणि वळले.

“ताई, दिसायलंय का?”

“नाही काका,” मी म्हणाले.

“बरं,” म्हणाले आणि जिना उतरून गेले.

दिवाळी झाल्यावर त्यांच्या गावाहून फोन आला. रात्री झोपले ते सकाळी उठलेच नाहीत. मी फोन ठेवला आणि दुसरं काही सुचेना म्हणून त्यांच्या रानाचा फोटो उघडला. भोवतीची पिकं निघालेली, सगळं करडं, आणि मधोमध चार ठिपके लाल. चारी पूर्ण भरलेले. मी मागे मागे जात राहिले. ऑक्टोबर, सप्टेंबर. पावसाळ्यात ढग. मग मे. काका माझ्या टेबलापुढे उभे होते त्या आठवड्यातला फोटो. त्यातही ते चार ठिपके होते. तो फोटो माझ्याच कॉम्प्युटरात होता, उघडायला अर्धं मिनिटही लागलं नसतं. त्या दिवशी मी तो उघडलाच नव्हता.

फोटो कागदावर छापून मी गावी गेले. बांधाशी चपला काढल्या. काकू मला झाडांत घेऊन गेल्या. मोठ्या लिंबांची सावली चांगली दाट झाली होती. त्यांच्या बाहेर चारी बाजूंनी गुडघ्याएवढ्या रोपांची आणखी एक ओळ होती, आळी नीट केलेली, मातीवर पाला पसरलेला.

“ही औंदा लावली,” काकू म्हणाल्या. “तुमी न्हाई म्हणलात ना, म्हून. अजून थोडं कमी पडायलंय म्हणले.”

मी पिशवीतून कागद काढला. त्यांनी तो दोन्ही हातांनी धरला, उजेडाकडे केला. मी बोट ठेवून ठिपके दाखवले. त्या बघत राहिल्या.

“म्हंजी दिसायलंय आता?”

“हो काकू.”

“कवापासनं?”

खोटं बोलता आलं असतं. पण मी त्यांच्या रानात उभी होते.

“मे महिन्यापासून.”

काकूंनी कागदाची घडी केली, पुन्हा उघडली.

“मे म्हैन्यात तर ते व्हते की,” त्या म्हणाल्या.