मेणात बसवलेला माऊस

भुताखेतांवर माझा विश्वास नव्हता, आजही नाही. असले अनुभव मी चहाबरोबर वाचते आणि कप रिकामा होईपर्यंत बहुतेकांचा उलगडाही करून टाकते... निदान तसं मला वाटतं. पण एका दुपारचा उलगडा अजून झालेला नाही. त्यात भूत नाही, पांढरी साडी नाही. एक माऊस आहे – कॉम्प्युटरचा!

आम्ही तंजावूरचे मराठी. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर तमिळ. देवनागरी मी पुण्याला नोकरीसाठी आल्यावर शिकले, तेव्हा ऱ्हस्व-दीर्घ सांभाळून घ्या.

नव्वदीच्या दशकाची अखेर होती. मी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होते आणि राजवाड्यामागच्या गल्लीत मामांकडे राहत होते. माझा प्रोजेक्ट होता गेम खेळताना हाताला धक्का देणारा माऊस. स्क्रीनवरची गाडी दगडावरून गेली की तळहाताखाली टक् असं लागायला हवं. माऊसच्या पोटात रिलेची कॉइल, तिच्यासमोर लोखंडी खिळा, आणि कॉइलची वायर प्रिंटर पोर्टला. गेमही मीच लिहिला होता – टाऊन बस, कच्चा रस्ता, मधूनमधून दगड. माझी बस स्क्रीनवर इडलीपात्रासारखी दिसायची, ते सोडा.

मामा वीणेच्या कारखान्यात पडदे बसवायचे. वीणेचे पितळी पडदे काळ्या मेणात रोवलेले असतात. मेण तापवायचं, पडदा केसभर सरकवायचा, तार छेडायची. हे करताना मामा डोळे मिटून घेत आणि डाव्या हाताची बोटं तारेवर टेकवत. पडदा चुकला असेल तर तार बोटाखाली किंचित खरखरते. कानाआधी बोटाला कळतं, असं ते सांगायचे.

त्या वर्षी पोंगलनंतर त्यांना अर्धांगाचा झटका आला. चालणं-बोलणं सुधारलं. डावा हात हलायला लागला, पण त्यातली जाणीव गेली ती गेलीच. मामींनी एकदा कॉफीचा गरम टंबलर त्या हातात दिला, तरी त्यांना कळलं नाही. डॉक्टर म्हणाले, हाताला काम देत राहा, येईल तर येईल. कारखान्याच्या मालकांनी आवणी महिन्यापर्यंत, म्हणजे ऑगस्टच्या मध्यापर्यंत, वाट बघायचं कबूल केलं. त्यानंतर मामांच्या जागी दुसरा माणूस येणार होता.

मग मीच म्हटलं, मामा, रोज अर्धा तास माझ्या माऊसवर हात ठेवा. मी कीबोर्डवरून बस चालवायची, मामांनी डोळे मिटून बसायचं आणि टक् लागलं की सांगायचं. पहिले कित्येक आठवडे त्यांना काहीच लागलं नाही. मी करंट वाढवत गेले. धक्क्यांनी कॉइल सुटायला लागली, कुठलाच गोंद टिकेना.

"गोंद कशास? मेण आहे की आपलें," मामा म्हणाले आणि उजव्या हाताने त्यांनी कॉइल पडद्याच्या मेणात बसवून दिली. वाढवलेल्या करंटने कॉइल तापते हे मला माहीत होतं, मेण तापून वितळतं हे त्यांना. पण दोघांनाही दोन्ही गोष्टी एकत्र सुचल्या नाहीत!

मे महिन्यातली दुपार. पंखासुद्धा गरम वारा फेकत होता. मामा डोळे मिटून बसले होते, मी कंटाळून बस हाकत होते.

"कल्लु," मामा म्हणाले. कल्लु म्हणजे दगड.

स्क्रीनवर बस नुकतीच दगडावरून गेली होती. मला वाटलं, योगायोग.

"कल्लु... परत कल्लु."

एकही चुकेना. मला रडूच फुटलं. मी मामींना हाक मारली. त्या पदराला हात पुसत आल्या, माऊसवर हात ठेवून थोडा वेळ थांबल्या.

"मला कांहीं लागत नाहीं गं, पापा. बंद पडलें वाटतें." पापा म्हणजे बाळ, घरात मला तसंच म्हणतात.

मी माऊस उलटा केला. आतून काळं मेण ओघळलं होतं, कॉइल कुशीवर पडली होती आणि तिची वायर तुटली होती. मीटर लावला, तर कॉइल पूर्ण मेलेली. ती टक् करूच शकत नव्हती.

मी इंजिनिअर, मला शंका येणारच. माझा श्वास अडकत असेल, खुर्ची करकरत असेल, त्यावरून मामा ओळखत असतील. म्हणून मी मॉनिटर बंद केला, बस आपोआप चालू दिली आणि मामींना घेऊन स्वयंपाकघरात गेले. दगड कुठे येणार हे कॉम्प्युटर ठरवणार, आणि मोजणारही तोच. तुटक्या वायरीच्या माऊसवर मामांचा हात तसाच होता. आम्ही आतून ऐकत होतो. मामांनी नऊ वेळा "कल्लु" म्हटलं. मॉनिटर लावला, तर स्क्रीनवर आकडा होता नऊ.

मामींनी तो आकडा दोनदा वाचला. मामा हाताकडे बघत म्हणाले, "मुंग्या आल्यात."

पुढच्या फेरीत मात्र त्यांना काहीच कळलं नाही, नंतरही कधी नाही. मी नवीन कॉइल घातली तेव्हा तिचे धक्के लागायला लागले, आधी पुसट, मग रोज थोडे स्पष्ट. ते समजण्यासारखं आहे. डॉक्टरांनाही त्यात नवल वाटलं नाही. तुटक्या वायरीचं मी सांगितलं, तेव्हा ते नुसते हसले.

आवणी लागली तेव्हा मी मामांबरोबर कारखान्यात गेले. समोर नवी वीणा होती. मामांनी डोळे मिटले, डावं बोट तारेवर टेकवलं, उजव्या हाताने तार छेडली. मला तर सूर छान वाटला.

"इथें कल्लु आहे," मामा म्हणाले. त्यांनी मेण तापवलं, पडदा केसभर सरकवला, पुन्हा बोट टेकवलं. "आतां सरी, ठीक झालें. बस जाऊं दे." मालकांना त्यातलं काही कळलं नाही, पण मामांची जागा मामांकडेच राहिली. मी मात्र तिथेच, सगळ्यांसमोर, हुंदके देऊन रडले.

तो माऊस अजून माझ्याकडे आहे. तुटक्या वायरीची ती कॉइलही. कित्येकदा मीटर लावून बघितलंय... मेलेलीच आहे. त्या दुपारी मामांच्या बोटांना काय लागलं, मला सांगता येत नाही. मी फोनवर पुन्हा पुन्हा विचारते, तेव्हा मामा वैतागतात.

"तूं केलेलें यंत्र चाललें ना, पापा? मग तुलाच का गं पटत नाहीं?"