दर मिनिटाला होय म्हाराजा

बाबांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन बजावलं, "दर दोन तासांनी थेंब. हयगय केलीत आणि डोळ्यात जंतू गेले, तर मग माझ्याकडे रडत येऊ नका." बाबांचा दुसरा डोळा लहानपणीच काजूचा चीक उडून गेलेला. म्हणजे होता तो हा एकच.

आमचं घर मसुऱ्याजवळ. मी घरूनच पुण्याच्या एका कंपनीचं काम करतो आणि एकदा लॅपटॉपसमोर बसलो की शेजारी चूल पेटली तरी मला वास येत नाही. आई परड्यात, नाहीतर स्वयंपाकघरात. तेव्हा आठवण करून द्यायचं काम लॅपटॉपमधल्या लिनक्सलाच लावू म्हटलं. त्यात क्रॉन म्हणून एक बिनपगारी नोकर असतो. मिनिट, तास, तारीख, महिना, वार असे पाच खाने भरून द्यायचे आणि पुढे काम सांगायचं. मी सांगितलं, दर दोन तासांनी पडद्यावर 'थेंब' अशी पाटी दाखव. पाटी काही येईना. शोधलं तर हा पठ्ठ्या वेळच्या वेळी राबत होता, फक्त पाटी कुणाच्या पडद्यावर दाखवायची हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं! तो पत्ता घातला, पाटी झळकली. पण मी पडलो मीटिंगमध्ये, पाटी आली कधी नि गेली कधी मला कळलंच नाही. आणि बाबा डोळ्यावर काळा चष्मा लावून ओटीवर. ते कसली पाटी वाचतायत?

म्हणजे आवाज हवा. पण माझ्या आवाजाला बाबा "गप रे" एवढंच उत्तर देतात. देवाला मात्र त्यांनी उभ्या जन्मात नाही म्हटलेलं नाही. आमच्याकडे काहीही करायचं तर आधी देवासमोर गाऱ्हाणं घालतात. जाणता माणूस हात जोडून एकेक मागणं मांडतो आणि ज्याच्या कानावर पडेल तो 'होय म्हाराजा' म्हणतो. झालं तर मग! माझ्याच आवाजात मी ठणकावून रेकॉर्ड केलं, "बा देवा म्हाराजा, आता डोळ्यात थेंब पडांदे, लख्ख दिसांदे रे म्हाराजा!" आणि ते क्रॉनच्या हवाली केलं.

सकाळी दहाला मी मीटिंगमध्ये होतो. लॅपटॉप गरजला. ओटीवरून बाबा, "होय म्हाराजा!" आईने जाऊन थेंब घातला. मी मनात स्वतःची पाठ थोपटली. मिनिटभराने लॅपटॉप पुन्हा गरजला. बाबा पुन्हा, "होय म्हाराजा!" आईने पुन्हा थेंब घातला. तिसऱ्यांदा गरजला तेव्हा मी क्रॉनला दिलेली ओळ उघडून बघितली. गाऱ्हाण्यासाठी ती नव्याने लिहिताना मिनिटाच्या खान्यात शून्य घालायचं सोडून मी चांदणी (*) ठेवली होती, आणि चांदणीचा अर्थ 'प्रत्येक'. म्हणजे अकरा वाजेपर्यंत दर मिनिटाला देव बोलणार होता.

मी धावत जाऊन आईच्या हातातून बाटली हिसकावली. बाबा भडकले. "देवाक होय म्हटलंय! घाल थेंब!"

"बाबा, तो देव नाय, मी आसंय!"

"मेल्या, मगे देवाचा नाव कित्याक घेतलंस?"

बाटली खिशात कोंबून मी लॅपटॉप बंद करायला धावलो, तर गाऱ्हाणं ऐकून आलेले शेजारचे काका माझ्या खोलीच्या दारात उभे. देवळात गाऱ्हाणं घालायचा मान त्यांच्या घराण्याचा. हातात नारळ. "खबरदार! गाऱ्हाणा अर्ध्यार तोडूचा नाय. घराक बाधता." त्यांच्यामागे वाडीतली आणखी चारपाच माणसं, सगळी हात जोडून. लॅपटॉप गरजला. सगळे एकमुखाने, "होय म्हाराजा!" आणि मीटिंगमधून पुण्याचा साहेब विचारतोय, "एव्हरीथिंग ओके?"

"काका, ह्या संपायचा कसा?"

"सांगणा पुरा करूक होया." काकांनी लॅपटॉपसमोर उभं राहून, बाबांचा डोळा, माझी अक्कल आणि कंपनीची भरभराट अशी तिन्ही मागणी मांडली आणि उंबऱ्यावर नारळ फोडला. पाणी कीबोर्डवर उडालं. आई ओरडली, "शिरा पडो तुझ्या त्या डब्यार!" मग कुठे मला ती ओळ पुसायची परवानगी मिळाली.

मी लगेच डॉक्टरांना फोन लावला. ते आधी हसले, मग म्हणाले, जास्तीचं औषध गालावर ओघळून गेलं असेल, घाबरू नका. चांदणीच्या जागी मी शून्य घातलं. त्या दिवसापासून आईला न पाठवता दर खेपेला मीच उठून गेलो. हनुवटी धरायची, पापणी ओढायची, थेंब सोडायचा. बाबांच्या तोंडाला मी त्याआधी कधी हात लावला होता, काही केल्या आठवेना.

महिन्याने डॉक्टर म्हणाले, डोळा उत्तम आहे, थेंब बंद. मी घरी येऊन ओळ पुसून टाकली.

दुसऱ्या दिवशी दहाला घर गप्प. थोड्या वेळाने बाबा माझ्या खोलीत आले. चष्मा नाही, काही नाही. भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून म्हणाले, "धा वाजान गेले. तुझो देव आज मुको कित्याक?"

"बाबा, थेंब संपले. डॉक्टरांनी बंद केले ना."

"माका म्हायत आसा." असं म्हणून ते माझ्या खाटेवर बसले, मान मागे टाकली आणि डोळा उघडा ठेवून थांबले.

मीटिंग चालू होती. मी उठलो, रिकामी बाटली शोधली, हनुवटी धरली आणि बाटली डोळ्यावर उलटी केली. काहीच पडलं नाही.

"होय म्हाराजा," बाबा म्हणाले.