एकाहत्तरच्या जवानांचा लोगो

नांदेडात डिझाइनचं दुकान टाकलं की किस्से शोधावे लागत नाहीत, गिऱ्हाइकं सोबत घेऊनच येतात! त्यात लोहा तालुक्याच्या समितीचं काम आलं. एकाहत्तरच्या युद्धात लढलेल्या तालुक्यातल्या जवानांचा स्मरणसोहळा. लोगो, बॅनर, स्टेज, सगळं आमच्या गळ्यात! आमच्या म्हणजे माझ्या आणि पार्टनर गौतमच्या.

*

मी साधा लोगो दाखवला. मातकट रंग, मधे जवानाची टोपी. बस्स.

समितीचे अध्यक्ष बाबाराव म्हणाले, "लई शांत वाटून राहिलं हे. मागं एक स्फोट टाका ना!"

गौतम म्हणाला, "अध्यक्ष, पहिल्या रांगेत शहिदांच्या घरची माणसं बसणार हायत."

बाबारावांनी मान डोलावली.

"बरं, मग बारका टाका!"

*

पहिलं बॅनर घाईत वाढदिवसाच्या जुन्या फाइलवर बनवलं. नावं बरोबर, फोटो बरोबर. खाली कोपऱ्यात मात्र 'शुभेच्छुक : समस्त मित्रमंडळ' तसंच राहिलं!

बाबाराव कडाडले, "शहीद व्हायच्या शुभेच्छा देऊन राहिले का रे?"

*

एका पुढाऱ्याच्या पीएचा फोन. "साहेबांचा फोटो वर घ्या."

गौतम शांतपणे म्हणाला, "वर फक्त शहीद हायत. घेऊ का त्यांच्यात?"

"नको नको! खालीच बरा हाय!"

*

गौतमनं एकदा सगळ्याच फोटोंना हार घातले. प्रूफ बघायला सुभेदारकाका आले. हे युद्धातून सहीसलामत परतलेले! स्वतःचा हारातला फोटो बघत राहिले.

"शाब्बास! शत्रूला जे जमलं न्हाई, ते तुम्ही माऊसनं केलं!"

*

एका शहीद जवानाचा फोटोच मिळेना. त्यांच्या पत्नी सरूआजी रेणापूरला लेकीकडे राहतात, म्हणून मी तिकडे गेलो. त्यांच्याकडे एकच फोटो होता, लग्नानंतर स्टुडिओत काढलेला. ते खुर्चीवर, आजी मागे उभ्या, हात त्यांच्या खांद्यावर.

समितीला सगळे जवान वर्दीत हवे होते. गौतमनं कॉम्प्युटरवर वर्दी चढवली, आजींना फोटोतून कापलं. खांद्यावरचा हात तेवढा राहिला.

मी पुन्हा रेणापूरला जाऊन लॅपटॉप उघडला. "आजी, कच्चं काम हाय. हा हात काढून टाकतो."

आजींनी चष्मा लावला. स्क्रीनजवळ वाकून बघितलं. मला वाटलं, आता रडतील. तर हसायलाच लागल्या.

"त्या वक्ताला फोटोवाला म्हणला, हात ठिव. सासू म्होरं उभी! मी लाजून मेले. तरी दटावून ठिवायला लावला. अन् आता तुम्ही म्हणून राहिले, काढ. आता न्हाई काढत मी!"