फोन धरणारी

त्र्यंबकेश्वरला चिंतामण गुरुजींच्या घरी पूजा असली की फोन धरायचं काम त्यांच्या बायकोचं, श्यामलाकाकूंचं. यजमान परदेशातून व्हिडिओवर, गुरुजी पाटावर. स्टँड आणून पाहिला होता; पण पिंडावर पाणी सोडताना यजमानाला जवळून बघायचं असतं. मग काकूच फोन घेऊन उभ्या राहायच्या. दोन वर्षांत उजवा खांदा धरला. वेणी घालायलाही हात वर जाईना.

पौषात टोरोंटोच्या तनयने असंच वडिलांचं वर्षश्राद्ध केलं. विधी संपला, गुरुजी उठले. काकू फोन बंद करणार तोच तो म्हणाला, "काकू, ठेवू नका ना. जरा कुशावर्त दाखवता?"

काकू चपला अडकवून निघाल्या. कुंडापाशी दोन्ही हातांनी फोन धरून उभ्या राहिल्या. तो नुसता रडत होता.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पुन्हा फोन. मग रोजच. त्याची उठायची वेळ, काकूंची कणीक मळायची. "काही नाही काकू, असाच केला." भाजी कुठली, थंडी किती, एवढंच.

गुरुजी चिडायचे. "विधी झाला, संपलं. उचलू नकोस."

"एकटा आहे हो तिकडे," काकू म्हणायच्या. पण फोन वाजला की त्यांनाही नको व्हायचं.

एकदा त्यांनी विचारलं, "आईला करतोस ना रे फोन?"

"तिला केला की ती रडते. मग माझा दिवस वाईट जातो."

त्याची आई, आशाताई, नाशिकरोडला जेलरोडवर राहत होत्या. गुरुजींच्या वहीतून पत्ता घेऊन काकू दुसऱ्याच दिवशी दुपारच्या बसने गेल्या. आशाताईंनी दार उघडलं तेव्हाही त्यांच्या हातात फोन होता. चहाला दूध नव्हतं.

"जिन्यात रेंज जाते," त्या ओशाळून म्हणाल्या. "खाली गेले आणि तेवढ्यात तनयचा आला तर?"

आंघोळीलाही त्या फोन पिशवीत घालून नेत होत्या.

इकडची तिकडची चौकशी करत दोघी बसून राहिल्या. ऊन उतरलं आणि काकूंचा फोन वाजला. नाव आशाताईंनीही वाचलं.

"तुम्हाला करतो?"

"हो."

"रोज?"

काकूंनी मान हलवली. आशाताईंनी आपला फोन मांडीवर पालथा ठेवला. काकूंनी फोन उचलला.

"तनय, मी तुझ्या घरी आहे. आई समोर बसलीय. ती रडली तरी ठेवू नकोस."

"काकू, तुम्ही तिथे कशाला..."

पुढचं न ऐकता त्यांनी फोन आशाताईंच्या हातात दिला आणि दूध आणायला खाली उतरल्या. परत आल्या तेव्हा जिन्यातच आशाताईंचा आवाज ऐकू आला. आधी रडणं, मग रागावणं. "दाढी किती वाढवलीस! बापासारखा दिसायला लागलास." काकू दूध घेऊन दाराबाहेरच पायरीवर बसल्या.

आता तनय काकूंना नाही, आईला फोन करतो. रोज नाही, पण करतो. आणि तो काय म्हणाला ते सांगायला आशाताई काकूंना करतात. काकू सगळं ऐकून घेतात, मध्येमध्ये "हो का" म्हणतात. खांदा दुखला की फोन डाव्या हातात घेतात. बोलणं संपतं तेव्हा बाहेर अंधार पडलेला असतो. देवापुढे दिवा लावायचा राहिलेला असतो.