भिंतीकडे तोंड केलेली गाडी

हेल्वीला घर होतं, नवरा होता, सासू होती. बोलायला मात्र कोणी नव्हतं. नवरा स्वीडनच्या कारखान्यात, आणि सासूने, सायमाने, तोंड उघडण्यापेक्षा न उघडलेलं बरं.

लेक मारित्ता जन्मली तीच कपाळाच्या डाव्या बाजूला, पार पापणीपर्यंत, गडद लाल डाग घेऊन. सायमाने एकदाच डोकावून निकाल दिला.

"पोटुशी असताना शेजारचं कोठार जळालं, तेव्हा बघायला धावलीस ना? तोंडाला हात लावला असशील. आगीचा डाग आहे हा. भोग आता!"

हेल्वीने खरंच लावला होता. एवढ्या ज्वाळा बघून कोण लावणार नाही? पण झालं, पोरीचा डाग आईच्या जिवाला चिकटला.

आमच्या फिनलंडात बाळं हिवाळ्यातही उघड्यावरच झोपवतात. लोकरीत गुंडाळायचं, बाबागाडी ओसरीवर ठेवायची, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याने डोकावून चार शब्द कौतुकाचे बोलायचे. हेल्वीने गाडीचं तोंड भिंतीकडे फिरवून ठेवलं. हळूहळू ओसरीकडे कोणी फिरकेनासं झालं. दिवसचे दिवस तिच्या कानांवर स्वतःचाही आवाज पडायचा नाही. कधी खिडकीतून पांघरूण हलताना दिसलं, की बाहेर जाऊन ती वरून आणखी एक घोंगडी घालायची. थंडी वाजत असेल, दुसरं काय!

मार्चातल्या एका उन्हाच्या दुपारी शेजारीण केर्त्तू गोड पाव घेऊन आली आणि न विचारताच तिने गाडी वळवली.

"अगं, लेकराला भिंत काय दाखवतेस! जरा ऊन..." ती थबकली. "हेल्वी! लवकर ये."

मारित्ताचा उजवा हात ठेका धरल्यासारखा उडत होता. डोळे उघडे, पण एकीकडेच लागलेले. हेल्वीने सवयीने घोंगडी उचलली.

"ठेव ती खाली! थंडीने कधी एकच हात कापतो का?"

शहरातल्या इस्पितळात डॉक्टरांनी आधी डाग पाहिला, मग हाताचं ऐकलं. कपाळावर असा डाग आणि जोडीला झटके, म्हणजे आत मेंदूवरच्या रक्तवाहिन्यांतही तसाच गुंता असू शकतो, ते म्हणाले. डोळ्यावरही लक्ष ठेवावं लागेल. हेल्वीने चाचरत आगीचं विचारलं.

"आगीचा काही संबंध नाही, बाई. तुमच्याकडून काही चुकलेलं नाही."

हेल्वीला रडू फुटलं. इतक्या महिन्यांत तिच्याशी असं कोणी बोललंच नव्हतं. मग डॉक्टरांनी विचारलं, "झटके कधीपासून येताहेत?"

हेल्वीचं रडं जागच्या जागी थिजलं.

"मला नाही माहीत," ती म्हणाली. "गाडी मीच भिंतीकडे फिरवून ठेवायचे."